नाक आखूड असलेलं हरिकेन: एका १/४८ किटचा अनुभव

मिरजेत माझी दातांची लॅब आहे. दिवसभर कवळ्या, कॅप, ब्रिज. रात्री नऊनंतर त्याच टेबलावर, त्याच हत्यारांनी प्लास्टिकची छोटी विमानं जोडते. यंदा पावसाळाभर जे विमान टेबलावर होतं त्याबद्दल लिहिते आहे, कारण ते विकत घ्यावं की नाही हे मला तीन जणांनी विचारलं आणि प्रत्येकाला मी अर्धंच उत्तर दिलं.

किट, म्हणजे सुटे भाग जोडून करायचं मॉडेल, हॉकर हरिकेन मार्क टू सी चं: दुसऱ्या महायुद्धातलं चार तोफांचं ब्रिटिश लढाऊ विमान. स्केल १/४८, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं. कुरिअरसकट ३,२०० रुपये पडले. कंपनीचं नाव घालत नाही. हेच साचे वेगवेगळ्या खोक्यांतून विकले जातात, त्यामुळे नावापेक्षा मापं उपयोगी पडतील.

मी ते घेतलं खोक्यावरच्या चित्रासाठी. खाली इंफाळचं खोरं आणि वर भारतीय वायुदलाच्या एक नंबर स्क्वाड्रनचं हरिकेन. हरिकेन म्हटलं की सगळ्यांना १९४० चं इंग्लंड आठवतं. आपल्यासाठी मात्र ते ब्रह्मदेशाच्या आघाडीचं विमान आहे. त्या युद्धात भारतीय वायुदलाच्या बहुतेक स्क्वाड्रननी कधी ना कधी हरिकेन उडवलं. १९४४ मध्ये जपानी सैन्याने इंफाळला वेढा घातला, तेव्हा स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या हाताखाली एक नंबरची हरिकेनं तिथूनच उडत होती. त्याच वर्षी मित्रराष्ट्रांचे या आघाडीचे सरसेनापती माउंटबॅटन यांनी तिथे येऊन अर्जन सिंग यांच्या छातीवर डीएफसी हे शौर्यपदक लावलं. हे विमान नीट व्हावं असं मला फार वाटत होतं.

खोकं उघडल्यावर मी आधी गोंदाची बाटली काढत नाही, बारीक मापं घ्यायचं कॅलिपर काढते. तोंडातलं काम असो की विमान, जोडल्यावर माप चुकलं तर सगळं परत. मार्क टू सी ची लांबी ९.८३ मीटर, म्हणजे १/४८ ला २०४.८ मिलिमीटर. धडाचे दोन भाग टेपने जोडून, स्पिनर म्हणजे पंख्याच्या मधली टोकदार टोपी लावून मोजलं तर २०२.४. पंख मोजले तर २५४ बरोबर. म्हणजे स्केल चुकलेलं नव्हतं, फक्त धड आखूड होतं.

कारण सरळ आहे. मार्क टू ला मर्लिन ट्वेंटी इंजिन बसवलं. त्याचा सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, दोन वेगांचा आणि इंजिन आधीच्यापेक्षा लांब, म्हणून कॉकपिटच्या पुढे साडेचार इंचांची वाढ द्यावी लागली. साडेचार इंच भागिले ४८ म्हणजे २.४ मिलिमीटर. नेमका तेवढाच फरक! किटवाल्यांनी पंख चार तोफांचे दिले आणि नाक मार्क वनचंच ठेवलं. ऐकायला २.४ मिलिमीटर काहीच नाही. पण वरच्या पुढच्या दोन दातांत एवढी फट असेल तर माणूस हसायचं सोडतो. बाजूने पाहिलं की हे विमान बसकं दिसतं.

मी नाक कापलं. काटेकोर बोलायचं तर वाढ इंजिनाच्या मागे हवी, पण तिथे कापलं तर करवत पंखाच्या जोडात शिरते. म्हणून पंखाच्या पुढच्या कडेच्या थोडं पुढे, इंजिनावरच्या पत्र्याचा उभा जोड आहे तिथे काप घेतला. एक्झॉस्ट, म्हणजे धुराच्या नळ्या, नाकाबरोबर पुढे सरकतात आणि ते योग्यच आहे, इंजिनच पुढे गेलं होतं. डाय, म्हणजे दाताचा दगडी ठसा, कापायची बारीक करवत वापरली. तिचं पातं ०.३ मिलिमीटर प्लास्टिक खातं, ते धरून पट्टी २.७ ची लावली. हे ०.३ धरलं नाही तर एवढं करून नाक पुन्हा आखूडच राहतं.

पट्टी स्टायरीनची, म्हणजे किटच्याच प्लास्टिकची. वरच्या बारीक फटी भरायला कवळीचं कोल्ड क्युअर, म्हणजे न तापवता घट्ट होणारं अॅक्रिलिक, वापरलं. ज्यांच्या ओळखीत लॅब आहे त्यांनी वापरून बघा, पण जपून. त्याचं मोनोमर, म्हणजे त्यातलं पातळ द्रव, स्टायरीन विरघळवतं. थेंबभर लावलं तर जोड एकजीव होतो, जास्त झालं तर भिंत लोण्यासारखी मऊ पडते. आणि सुकल्यावर ते आजूबाजूच्या प्लास्टिकपेक्षा कठीण होतं, त्यामुळे नुसत्या बोटाने सँडपेपर फिरवला तर शेजारचं आधी झिजतं आणि जोडावर उंचवटा राहतो. सँडपेपर सपाट पट्टीवर चिकटवून घासायचा. लॅबमधल्या मुलीने ते टेबलावर पाहिलं आणि विचारलं, “ताई, ही केस कुठल्या डॉक्टरांची?” मग तिनेच दुसरी बाजू घासून दिली, आणि ती माझ्यापेक्षा चांगली झाली.

दुसरा दोष कापडाचा. हरिकेनचं कॉकपिटमागचं धड पत्र्याचं नाही. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या, त्यावर डोप नावाचं रोगण लावलेलं कापड. डोप सुकताना कापड आवळलं जातं आणि डफावरच्या कातड्यासारखं ताठ होतं. किटमध्ये ते दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखं पट्ट्यापट्ट्यांमध्ये झोळ खाल्लेलं दाखवलंय. पालमच्या वायुसेना संग्रहालयात हरिकेन आहे. दिल्लीला कामासाठी गेले असताना त्याचे मी बरेच फोटो काढले होते. त्यात पट्ट्यांच्या रेषा उजेड तिरका पडला तरच उठून दिसतात. ६०० नंबरच्या ओल्या कागदाने कडा उतरवल्या, मिस्टर सरफेसर या प्रायमरचे दोन हात दिले, पुन्हा १००० ने घासलं. दोन संध्याकाळी लागल्या. एवढं कुणीही करू शकेल आणि फरक लगेच दिसतो.

पंखांचा मधला भाग सपाट आणि बाहेरचे भाग वर उचललेले, ही हरिकेनची ठेवण. खालचा पंख एकाच तुकड्यात आहे आणि माझ्या खोक्यात तो जवळपास सरळ निघाला. जोडाच्या रेषेवर आतून चर पाडला, ड्रॉइंगवरून कापलेल्या पुठ्ठ्याच्या साच्यावर वाकवून रात्रभर ठेवला. वरच्या पंखांच्या मुळाशी थोडी तिरकी कड घ्यावी लागते. झालं.

आता मला सगळ्यात आवडलेलं काम. कॉकपिटवरची काच १.२ मिलिमीटर जाड आहे, म्हणजे खऱ्या विमानात जवळजवळ सहा सेंटिमीटर! आतलं सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं दिसतं. पुढची स्थिर काच तशीच ठेवली, कारण खऱ्यालाही तिथे बुलेटप्रूफ काचेचा जाड थर होता. मागे सरकणाऱ्या भागाचं, म्हणजे हुडचं, मात्र दाताचं घेते तसं पुटी सिलिकॉनने बाहेरून माप घेतलं, त्यात डाय स्टोन हे कडक प्लास्टर ओतलं, आणि नवीन शीट ओढल्यावर जेवढी जाड उरते तेवढं, ०.४ मिलिमीटर, घासून कमी केलं. मग रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरणारी पारदर्शक पट्टी, बनवायच्या व्हॅक्युम मशीनवर अर्ध्या मिलिमीटरची पारदर्शक शीट ओढली. दुसरी शीट स्वच्छ आली. चौकटीच्या पट्ट्या टेप रंगवून, कापून चिकटवल्या. आता हुड मागे सरकवून ठेवता येतं आणि आतली सीट दिसते. मशीन नसेल तर ओळखीच्या लॅबमध्ये विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

तोफांच्या नळ्या भरीव काड्या आहेत, त्या फेकल्या. मिरजेत इंजेक्शनच्या सुयांना तोटा नाही. २० मिलिमीटरच्या तोफेचं भोक १/४८ ला ०.४२ होतं आणि २२ गेजच्या सुईचं आतलं भोक ०.४१ आहे. इतकं जुळलेलं पाहून मी त्या रात्री घरच्या सगळ्यांना सुई दाखवली. टोक सपाट घासून त्यावर दात बांधायची ०.२५ ची लिगेचर वायर स्प्रिंगसारखी गुंडाळली.

रंगाच्या बाबतीत किटमधल्या पत्रकावर विश्वास ठेवू नका. त्यात युरोपातला हिरवा-करडा दिला आहे. आपल्या आघाडीवर वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खालून करडा. डिकलमधली, म्हणजे चिकटवायच्या छापील चित्रांतली, वायुदलाच्या खुणेची चक्रं मात्र बरोबर जातीची आहेत: मधला लाल ठिपका नाही, नुसता गडद आणि फिका निळा. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, आणि घाईत आपल्याच माणसांनी आपल्याच विमानावर गोळी झाडू नये म्हणून लाल काढून टाकला होता. पण छपाई सरकलेली आहे, फिका निळा एका बाजूला कललेला. मी टेपचे गोल कापून चक्रं रंगवली.

चांगलं काय? पोटाखालचा रेडिएटर सुरेख आहे. चाकांची खोबण पुरेशी खोल आहे, पत्र्यांच्या रेषा नाजूक आहेत, नाकाखालचा धुळीचा फिल्टर दिलेला आहे. प्लास्टिक मऊ, कापायला सोपं. कॉकपिट साधं पण पुरेसं.

पहिलंच किट असेल तर हे घेऊ नका. ३,२०० रुपयांत नाक बरोबर असलेली हरिकेनं मिळतात. कापाकापीची सवय असेल, आणि इंफाळचंच विमान हवं असेल, तर १,५०० च्या आसपास मिळालं तर जरूर घ्या. जोडण्याआधी लांबी मोजा. नाक आणि काच एवढं तरी कराच. कापड वेळ असेल तर.

माझं आता २०४.७ भरतं.