अल्झायमरसाठी गॅलंटामाइन, ई जीवनसत्त्व, गिंको की कर्क्युमिन?

घरातल्या माणसाला अल्झायमर आहे असं कळलं, की 'काहीतरी नैसर्गिक देऊन पाहू' असं वाटतंच. त्यात गैर काही नाही. फक्त रुग्णांवर चाचणी झाली का आणि तिच्यातून काय निघालं, हे आधी विचारा.

या कसोटीवर गॅलंटामाइन सर्वांत पुढे आहे. ते स्नोड्रॉप आणि डॅफोडिल या फुलझाडांत सापडतं. अमेरिकेत २००१ पासून ते अल्झायमरवरचं मान्यताप्राप्त औषध आहे. स्मरणाला लागणारं ॲसिटिलकोलीन मेंदूत लवकर मोडू नये, हे त्याचं काम. फायदा बेताचाच असतो. पेशींची झीज थांबत नाही. मळमळ होते, वजन घटतं, नाडी मंदावू शकते. म्हणून डॉक्टर मात्रा हळूहळू वाढवतात.

ई जीवनसत्त्वाची गोष्ट मला जास्त विचार करायला लावते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६१३ रुग्ण होते, बहुतेक सगळे पुरुष. रोज २,००० युनिट घेणाऱ्यांची कपडे घालणं, जेवणं यांसारखी रोजची कामं करण्याची क्षमता जरा सावकाश घटली. स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मात्र फरक दिसला नाही. सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही. पण ही मात्रा फार मोठी आहे आणि तिने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, त्यामुळे स्वतःहून सुरू करू नका.

गिंको या झाडाच्या पानांच्या अर्कावर मी पैसे घालणार नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ३,०६९ जणांवर सुमारे सहा वर्षं चाचणी झाली, तरी स्मृतिभ्रंश टळला नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर गिंको टाळलेलंच बरं.

हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत फार आशादायक दिसतं. अडचण पोटापासून सुरू होते: ते रक्तात नीट उतरतच नाही. २०१२ च्या एका छोट्या चाचणीत रोज ४ ग्रॅमपर्यंत देऊनही फायदा दिसला नाही. शोषण वाढवायला काही गोळ्यांत मिरीतलं पायपरीन घालतात. त्याने इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढू शकतं, आणि अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. स्वयंपाकातली हळद खुशाल चालू ठेवा.

दोन जोड्या मात्र कटाक्षाने टाळा. हुपरझीन हे वनस्पतीपासून मिळणारं पूरक गॅलंटामाइनसारखंच काम करतं, म्हणून दोन्ही एकत्र नकोत. कंपवातावर लेव्होडोपा चालू असताना खाजकुइलीचं चूर्णही नको, कारण त्या बियांतही लेव्होडोपाच असतं.