फ्रीलान्स वेबसाइटचं काम आवरतं घेताना 'सिम्पली स्टॅटिक': काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

दिवसा नोकरी, संध्याकाळी मुलीचा अभ्यास, आईच्या दवाखान्याच्या वाऱ्या आणि रात्री जागून क्लायंटची कामं, हे झेपेना म्हणून फ्रीलान्स आवरतं घेतलं. नवीन कामाला नाही म्हणणं जमतं हो, पण जुन्यांचं काय? वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर केलेल्या साइट, मजकूर वर्षातून एकदा बदलला तर बदलला, पण प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) अपडेट, बॅकअप, वर्डप्रेस ज्या भाषेवर चालतं त्या पीएचपीचं व्हर्जन हे मागे लागलेलंच. पीएचपी ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलाय आणि जुनी थीम ८ वर नेली की पांढरं पान दिसायचं. अशा साइट वाऱ्यावर सोडणं मला पटत नव्हतं, लोकांनी विश्वासाने पैसे दिलेत.

मग सिम्पली स्टॅटिक हे प्लगइन घेतलं, फ्री वालं. ते अख्ख्या साइटची साधी एचटीएमएल पानं करून झिप देतं, ती मी क्लाउडफ्लेअर पेजेस या होस्टिंग सेवेच्या फ्री प्लॅनवर टाकतो. मागे डेटाबेस नाही, पीएचपी नाही, त्यामुळे हॅक व्हायची भीती जवळपास गेली, होस्टिंगचा खर्चही गेला आणि साइट मोबाइलवर झटकन उघडते. एका साइटला २०,००० फाइल चालतात, पण ब्राउझरमधून ओढून टाकायच्या तर १,००० च. एका वाचनालयाची साइट फोटोंनी भरलेली, वर्डप्रेस एकेका फोटोचे चार-पाच आकार करून ठेवतं, तिथे १,००० कधीच पार झाले, मग रँगलर या क्लाउडफ्लेअरच्याच टूलने कमांड लाइनवरून चढवली.

आता काय चालत नाही ते. कॉन्टॅक्ट फॉर्म आणि वर्डप्रेसचा सर्च दोन्ही सर्व्हरवर चालतात, त्यामुळे ते बंद. फॉर्मच्या जागी मी व्हॉट्सअॅपची लिंक आणि गुगल फॉर्म दिला, आणि खरं सांगतो, होमस्टेवाल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, हेच बरंय, मेल कोण बघतंय इथे." मराठी साइट असेल तर एक गोष्ट आधी बघा, पर्मालिंक, म्हणजे प्रत्येक पानाची कायमची लिंक, जी वर्डप्रेस शीर्षकावरून बनवतं. देवनागरीचं एकेक अक्षर लिंकमध्ये ९ कॅरेक्टर खातं आणि वर्डप्रेसची मर्यादा २००, म्हणजे बावीसेक अक्षरांत शीर्षक कापलं जातं, काना-मात्रा पण त्यातच मोजायच्या. मी एक्स्पोर्टच्या आधी सगळ्या लिंक छोट्या रोमन करून घेतल्या आणि जुन्या लिंक रिडायरेक्ट्सच्या फाइलमध्ये (जुनी लिंक उघडली की नवीवर नेणारी यादी) लिहिल्या, नाहीतर गुगलवरून येणारा माणूस थेट ४०४ वर, म्हणजे 'पान सापडलं नाही'वर.

खरा वेळ मात्र प्लगइनने नाही, डोमेनने, म्हणजे साइटच्या नावाने खाल्ला. कुणाचं डोमेन भाच्याच्या मेलवर, कुणाचं जुन्या डिझायनरच्या अकाउंटवर. प्रत्येकाला समोर बसवून त्यांच्याच नावाचं अकाउंट काढून दिलं, ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर. नेमसर्व्हर (डोमेन कुठे न्यायचं ते सांगणारा सर्व्हर) बदलताना एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे डोमेनचा मेल कुठे जायचा ती नोंद, आधी उतरवून ठेवा प्लीज, एका डेंटिस्ट मॅडमचे सगळे पेशंट त्या मेलवरच अपॉइंटमेंट मागतात, तो एक रेकॉर्ड राहिला असता तर साइट छान दिसली असती आणि मेल एकही आला नसता.

मूळ वर्डप्रेस फेकू नका. मी प्रत्येकाची पूर्ण कॉपी पेनड्राइव्हवर दिली आणि एक माझ्या लॅपटॉपवर लोकलमध्ये ठेवलीये. फोन नंबर बदलायचा असेल तर तिथे बदलायचा, परत एक्स्पोर्ट, परत अपलोड. क्लायंटला हे स्वतःला जमणार नाही, हा या पद्धतीचा मोठा तोटा आहे आणि तो आधीच स्पष्ट सांगायला हवा.

माहितीपुरती साइट असेल तर बिनधास्त करा. दुकान असेल, म्हणजे वूकॉमर्स (वर्डप्रेसवर दुकान चालवायचं प्लगइन), कार्ट, पेमेंट, तर याच्या नादी लागूच नका. माझ्याकडच्या मसालेवाल्या ताईंची साइट तशीच वर्डप्रेसवर ठेवून एका तरुण डेव्हलपरला एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारावर दिली, पहिले दोन अपडेट त्याच्यासोबत बसून केले आणि सगळे पासवर्ड ताईंच्या हाताने बदलून घेतले.