आधी काढलेलं तिकीट की त्याच दिवशीचं?

बडोद्याहून पुण्या-मुंबईला जायचं असेल तर माझं मत पक्कं आहे: रेल्वेचं तिकीट आधीच काढा. 1 नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी दिवाळीचं पुण्याचं तिकीट काढायचं असलं की भिंतीवरच्या कालनिर्णयवर उलटे दिवस मोजून लाल गोल करतात आणि त्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला मोबाईल घेऊन बसतात. ही धडपड आईसाठी. तिचे गुडघे दुखतात, वरचा बर्थ तिला जमत नाही. ज्येष्ठांना आणि 45 वर्षांवरील बायकांना खालचा बर्थ देण्याची सोय आहे, पण तो शिल्लक असेल तरच.

ऐनवेळी जायचंच असेल तर चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा मिळतात. एकट्या तरुणाला ते चालतं. म्हातारं माणूस आणि दोन पिशव्या घेऊन स्टेशनवर जागेची वाट बघणं मला तरी नको वाटतं. तत्काळ आदल्या दिवशी निघतं, एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला. पैसे जास्त, आणि कन्फर्म तिकीट रद्द केलं तर परतावा नाही.

अहमदाबादला मात्र आधी काढू नका. जेमतेम शंभर किलोमीटर, गाड्या भरपूर. जनरलचं तिकीट काढा आणि चढा. फक्त एक लक्षात ठेवा, 199 किलोमीटरपर्यंतच्या या तिकिटावर तीन तासांच्या आत प्रवास सुरू करावा लागतो. चहा-फाफड्यात वेळ गेला तर नवं तिकीट काढावं लागेल.