ड्रॅक्युलाचं ऑडिओबुक: आवाज एक नंबर, मागचं म्युझिक मात्र नको होतं

आधीच सांगतो, वाचणारे कलाकार जबरदस्त आहेत. ब्रॅम स्टोकरची ही १८९७ ची कादंबरी सगळी डायऱ्या, पत्रं, तारा आणि पेपरच्या कात्रणांमधून पुढे जाते, म्हणजे लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते माहीतच नसतं, आणि प्रत्येकाला वेगळा आवाज दिल्यामुळे ऐकताना हे फार जाणवतं. काउंट ड्रॅक्युलाच्या वाड्यावर कामासाठी निघालेला तरुण वकील हार्कर सुरुवातीला कसा निवांत बोलतो, पेपरिका घातलेली कोंबडी खाल्ली, होणाऱ्या बायकोसाठी, मीनासाठी रेसिपी घ्यायला हवी वगैरे, आणि मग दाढी करताना आरशात काउंट दिसत नाही तिथपासून तोच आवाज हळूहळू घट्ट होत जातो.

पण खरी कमाल सातव्या प्रकरणात आहे, डेमेटर जहाजाची नोंदवही. स्टोकरने शेवट आधीच सांगून टाकलाय, वादळात जहाज इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या बंदरात घुसतं आणि कॅप्टन मेलेला, हात सुकाणूच्या चाकाला बांधलेले, हे पेपरच्या बातमीत येतं आणि त्यानंतर नोंदवही उघडते. जहाजावरच्या मातीच्या पेट्यांमधून ड्रॅक्युला चाललाय हे आपल्याला माहीत, कॅप्टनला नाही. एकेक खलाशी गायब होतो, कॅप्टन फक्त तारीख घालून दोन ओळी लिहितो, आणि आपण मनात उरलेली माणसं मोजत बसतो. आमचं घर हर्णैला, काका तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान, जुलैत बोटी वर ओढलेल्या असतात म्हणून ते घरीच होते, त्यांना मी हा भाग थांबवून थांबवून मराठीत सांगत होतो. चारच माणसं उरली म्हटल्यावर काकांनी लगेच विचारलं, "अरे मग शीड कोण उतरवणार?" आणि स्टोकरने नेमकं तेच लिहिलंय, कॅप्टन शीड उतरवायला धजत नाही कारण परत चढवायला माणसं नाहीत! भूत अजून दिसलेलं नाही, पण काका उठून बसले होते.

आता तक्रार. माणूस गायब व्हायच्या आधी दरवेळी व्हायोलिन वाजतं. अहो, म्युझिकनेच सांगितलं की आता होणार, तर मग वाट कसली बघायची? स्टोकरच्या आधीची भयकादंबऱ्या लिहिणारी ॲन रॅडक्लिफ, तिने दहशत आणि किळसवाणी भीती यांत फरक केला होता, तिचा तो लेख ती गेल्यावर १८२६ मध्ये छापून आला, दहशत अंधुकपणातून येते, मन जागं होतं, आणि समोर सगळं दाखवलं की मन आखडतं. तिने स्वतः उडोल्फोच्या कादंबरीत (१७९४) काळ्या पडद्यामागे नायिका एमिलीने काय पाहिलं ते जवळजवळ शेवटपर्यंत दाबून ठेवलंय. एवढा धीर असलेल्या परंपरेतलं पुस्तक, आणि त्यावर सिरियलसारखं ढॅण ढॅण कशाला? हार्करच्या भागात म्युझिक कमी आहे आणि तोच भाग जास्त अंगावर येतो.

ॲपचं नाव मुद्दाम देत नाही, म्युझिक बंद करायचा ऑप्शन तिथे नाही, सपोर्टला मेल टाकलाय. पाचपैकी साडेतीन स्टार, सगळे आवाजांसाठी. ऐकणार असाल तर स्पीड वाढवू नका, नोंदवहीतल्या दोन तारखांमधली शांतता कापली जाते, आणि पावसात आपल्याकडे लाईट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नाही तेव्हा सातवं प्रकरण डाउनलोड करूनच सुरू करा.