बाईच्या सुडाचे तीन सिनेमे: महिला मंडळात कोणता लावाल?

8 मार्चला बाईच्या सुडाचा सिनेमा लावायचा म्हटलं की आमच्याकडे तीन नावं निघतात: 'इन्साफ का तराजू' (1980), 'जख्मी औरत' (1988) आणि 'मिर्च मसाला' (1987).

'तराजू'चं मोल कमी नाही. मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1978 साली पोलिसांना निर्दोष सोडलं, 1983 साली बलात्काराचा कायदा बदलला. सिनेमा त्या मधल्या वर्षांतला. कोर्टात बलात्कार सोसलेल्या झीनत अमानलाच आरोपीसारखं उभं करतात, ते बघताना आजही चीड येते. पण अत्याचाराची दृश्यं, त्यातही तिच्या कोवळ्या बहिणीवरचं, इतकी ताणलीत की बघणारा नकळत आरोपीच्या शेजारी जाऊन बसतो.

'जख्मी औरत'चंही तेच दुखणं. डिंपल कपाडिया पोलीस अधिकारी. न्याय मिळत नाही म्हणून बायका एकजूट करून बलात्काऱ्यांचं लिंग छाटतात. संताप मला पटतो. तिथवर नेणारं सामूहिक बलात्काराचं दृश्य मात्र तमाशासारखं मांडलंय. जळगाव वासनाकांडात फोटोंचाच धाक दाखवून मुलींना छळलं गेलं. खान्देशातल्या बायकांपुढे असं चित्रण लावायला माझा हात धजत नाही.

मी 'मिर्च मसाला' लावला. केतन मेहतांचा सिनेमा, गोष्ट स्वातंत्र्यापूर्वीच्या गुजरातेतली. सोनबाई झालेली स्मिता पाटील. तिचे वडील शिवाजीराव शिरपूरचे, म्हणून आपलेपणा अधिक. करवसुलीला आलेल्या, तिच्यावर डोळा ठेवणाऱ्या सुभेदाराला नकार देऊन ती मिरचीच्या कारखान्यात शिरते, म्हातारा अबू मियाँ दार लावून घेतो. गाव तिला सुभेदाराच्या हवाली करायला तयार होतं, आतल्या बायकाही तिच्यावरच चिडतात. हे फार खरं आहे. सिनेमा संथ आहे, मधे चुळबूळ होईल, तेवढं धरून चाला.

आमच्या निम्म्या बायका नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, देठ खुडायला जातात. संध्याकाळी हाताची आग थांबत नाही म्हणून लेकराला जवळ घेता येत नाही. पडद्यावर लाल ढीग दिसताच एक मावशी म्हणाल्या, "माय, हाई तं आपलीच मिरची शे!" शेवटी बायका सुभेदारावर तिखट उधळतात तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, दोघींनी फक्त पदर नाकाला लावला. सिनेमा तिथंच थांबतो. दिवे लागल्यावर पहिला प्रश्न सोनबाईच्या शहरात गेलेल्या नवऱ्याचा आला: "तिना नवरा परत उना का?" त्यावर रात्री अकरापर्यंत बोलणं चाललं.