झेरोझेरो डॉट पीटी: पोर्तुगालच्या खालच्या लीगमधला मिडफिल्डर बघायचा तर इथेच

फुटबॉलच्या साइटवर लोक रोनाल्डोचे गोल आणि ट्रान्सफरच्या रकमा बघायला जातात, मला मात्र खालच्या लीगमधल्या मिडफिल्डरचं करिअर वाचायला जास्त आवडतं आणि पोर्तुगालपुरतं बोलायचं तर त्यासाठी झेरोझेरोला तोड नाही. 2003 पासून चालू आहे, फुकट आहे, पोर्तुगीज येत नसेल तर प्लेमेकरस्टॅट्स नावाने हीच साइट इंग्लिशमध्ये आहे.

प्लेयरचं पेज उघडा, सीझनवार सगळं समोर येतं, कुठला क्लब, किती मॅच, किती मिनिटं. ही मिनिटंच खरी बघायची. डिफेन्सिव्ह मिडफिल्डरच्या नावावर गोल नसतात, हायलाइट्समध्ये तो दिसत नाही, पण कोच त्याला दर आठवड्याला पूर्ण 90 मिनिटं खेळवतोय म्हटल्यावर टीम कोणाच्या जिवावर उभी आहे ते कळतंच ना!

तारांतिनी या मिडफिल्डरचं पेज नक्की बघा, खरं नाव रिकार्दो मोंतेइरो. कोविल्याँ म्हणजे सेरा दा एस्त्रेला डोंगराजवळचं लोकरीच्या गिरण्यांचं गाव, तिथे खेळता खेळता पठ्ठ्याने युनिव्हर्सिटीत स्पोर्ट्स सायन्स केलं, मग गोंदोमार, पोर्तिमोनेन्स असं करत 2008 ला रिओ आव्ह क्लबला आला तेव्हा पंचविशीला टेकलेला. आणि मग 2021 पर्यंत तिथेच! मधे 2014 ला रिओ आव्ह पोर्तुगाल कप आणि लीग कप, दोन्ही कपच्या फायनलला गेली, दोन्ही बेनफिकाकडून हरली, वाचताना आजही जीव तुटतो.

नवीन लोकांनी एक लक्षात ठेवा. कांपेओनातो द पोर्तुगाल ही आधी तिसऱ्या लेव्हलची लीग होती, 2021-22 ला लिगा 3 सुरू झाली आणि ती चौथ्यावर गेली. त्यामुळे एखाद्याच्या पेजवर 2018 ला आणि 2022 ला लीगचं नाव तेच दिसलं तरी तो एक पायरी खाली आलेला असतो.

टेबलमध्ये मावत नाही अशीही एक गोष्ट आहे. कालदास ही टीम 2017-18 ला तिसऱ्या लेव्हलवर असताना पोर्तुगाल कपच्या सेमीफायनलला पोचली, त्यातले बरेच जण दुसरी नोकरी सांभाळून खेळणारे, ते मात्र आकड्यांत कुठून दिसणार, ते बातम्यांत शोधावं लागतं.

सुरुवात करायची तर लिगा 3 मधली कुठलीही टीम घ्या, तिशी ओलांडलेला एखादा मिडफिल्डर निवडा आणि त्याचं पेज जुन्या सीझनपासून वाचत या.