देवणी की लाल कंधारी?

मराठवाड्यात देशी गाय पाळायचं ठरवलं की पहिला सल्ला मिळतो तो गीर आणण्याचा. गीर दूध जास्त देते, हे खरंच. पण तिला सांभाळणारे देशभर आहेत, ब्राझीलमध्येही आहेत. देवणी आणि लाल कंधारी मात्र लातूर, नांदेड, परभणी, बिदर अशा मोजक्या जिल्ह्यांतल्या गोठ्यांत टिकल्या तरच टिकतील. म्हणून निवड या दोघींतूनच करा, असं माझं ठाम मत आहे.

घरचं भागवून थोडं दूध डेअरीला घालायचं असेल तर देवणी. एका वेताला सरासरी साडेआठशे-नऊशे किलो दूध धरा. कंधारीचं सहाशेच्या आसपास. फॅट दोघींची चार टक्क्यांच्या वर. वासरू लावल्याशिवाय पान्हा सोडायला दोघीही नाखूश, तेव्हा वासराच्या वाट्याचं दूध हिशोबातून आधीच वजा करा.

कोरडवाहू शेत, जेमतेम कडबा आणि घरची बैलजोडी हवी, असं असेल तर मी कंधारीच घेईन. कंधार-लोहा-मुखेडच्या उन्हात ती थोडक्या चाऱ्यावर निभावते, आणि तिचे खोंड नांगराला, गाडीला चांगले चालतात.

खरी कसोटी शुद्धतेची. देवणीचे तीन प्रकार: वानेरा पांढरी, चेहऱ्याच्या बाजू काळ्या; शेवरा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची; बालंक्या पांढरी, पोटाखाली काळे ठिपके. या जातीत गीर आणि डांगी या जातींचा अंश मानतात. कपाळ आणि लोंबते कान गीरची आठवण देतात, त्यामुळे गीरचा संकर झालेली कालवड देवणी म्हणून सहज खपू शकते. कंधारी एकरंगी तांबडी, पण लाल सिंधी या दुसऱ्या जातीचा संकरही तांबडाच दिसतो. नुसत्या रंगावर पैसे मोजू नका.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वळू. आसपास त्याच जातीचा वळू किंवा कृत्रिम रेतनासाठी खात्रीच्या रेतमात्रा मिळत नसतील तर पुढची पिढी संकरित होणार, मग गाय कितीही देखणी असो. ज्या जातीचा वळू जवळ, तीच जात घ्या. या दोघींचा आपसात संकर तर मुळीच नको. वळूपासून झालेल्या कालवडी माजावर यायच्या आत वळू बदला, नाहीतर बापाचंच रेतन लेकीला होतं.

देवणी पाहायला लातूर जिल्ह्यातला हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार, कंधारीसाठी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा. तिथे नजर तयार करा. खरेदी मात्र शेतकऱ्याच्या दावणीवरून, कालवड असेल तर तिच्या आईची धार समोर काढायला लावून.